लोभाची विशेषणं आणि पारबताबाईंचं झाड

मार्च अर्धा उलटला की माझा वर्ग रिकामा व्हायला लागतो. अकरावीच्या हजेरीत बेचाळीस नावं, बाकांवर काल चौदा डोकी होती. त्यातली चार झोपेत. बाकीचे कुठे आहेत हे विचारायची गरजच नाही. देवरीहून जंगलाकडे जाणाऱ्या कुठल्याही रस्त्याने पहाटे निघा, मोहाच्या झाडाखाली टोपली घेऊन वाकलेले दिसतील. जे वर्गात येतात त्यांच्या बोटांनाही तो वास असतोच. गोड, जड, थोडा आंबूस. वह्या तपासायला घेतल्या की पानं एकमेकांना चिकटलेली. तेवीस वर्षं झाली, मी मोहफुलांच्या चिकट्यातून इंग्रजी सोडवून काढतो आहे.

आणि कृपा करून ‘मोह’ या शब्दावर कोटी करू नका. इकडे बदलून आलेला प्रत्येक साहेब पहिल्या आठवड्यात ती करतो आणि स्वतःच हसतो. आम्हाला कंटाळा आला आहे.

माझ्या टिपणवहीत याच दिवसांत एक पाठ येतो. लोभ आणि इच्छा दाखवणारी इंग्रजी विशेषणं. दरवर्षी ठरवतो, तो पाठ जानेवारीत उरकायचा. दरवर्षी स्नेहसंमेलन, निवडणुकीची ड्यूटी, कसलं तरी प्रशिक्षण असं काही ना काही मध्ये येतं आणि पाठ बरोबर मोहाच्या मोसमात येऊन बसतो. काल फळ्यावर ‘ग्रीडी’ लिहिला. त्याखाली ‘अ‍ॅव्हॅरिशियस’ लिहिला. तिसरा शब्द लिहायला हात वर केला आणि खडू मोडला. मोडला म्हणजे मीच मोडला, खोटं कशाला बोलू! चौदा पोरं बघत होती. मी म्हणालो, आज एवढंच पुरे, घरी जा. तीन मिनिटांत वर्ग मोकळा. सायकली थेट रानाच्या दिशेने.

तरुण होतो तेव्हा हा पाठ माझा लाडका होता. आमच्या गोंदियाच्या घरात, आमच्या गल्लीत, स्टेशनवर, बाजारात, या सगळ्या भानगडीला एकच शब्द: लालच. ‘लालची कहीं का’ म्हटलं की विषय संपला. जिलेबी जास्त खाल्ली तरी लालची, भावाची जमीन खाल्ली तरी लालची. मग मी इंग्रजी शिकलो आणि मला वाटलं, वा! ही खरी भाषा. हिच्याकडे प्रत्येक भुकेला वेगळं भांडं आहे. खाण्यापुरता हावरट तो ‘ग्लटनस’. साठवून ठेवणारा, स्वतःही न खाणारा तो ‘अ‍ॅव्हॅरिशियस’. ज्याची नजर दुसऱ्याच्या ताटावर तो ‘कव्हेटस’. हिसकावून घेणारा ‘रपेशियस’. कितीही द्या, ज्याचं पोट भरत नाही तो ‘इन्सेशिएबल’. आणि दुसऱ्या बाजूला सभ्य मंडळी: ‘कीन’, ‘ईगर’, ‘अ‍ॅव्हिड’. हीही हवं-हवंच म्हणतात, पण आंघोळ करून, केस विंचरून. मी फळ्याच्या मधोमध एक रेघ मारायचो. डावीकडे वाईट, उजवीकडे चांगले. पोरं उतरवून घ्यायची. मला कोण अभिमान त्या रेघेचा!

आता त्या रेघेकडे बघितलं की डोकं फिरतं. पुस्तकं अधाश्यासारखी वाचणाऱ्याला ‘व्होरेशियस’ म्हणून शाबासकी द्यायची आणि अधाश्यासारखं जेवणाऱ्याला तोच शब्द शिवी म्हणून द्यायचा. मोठ्या माणसाने माळच्या माळ घेतले तर तो ‘अ‍ॅक्विझिटिव्ह’. म्हणजे जरा संग्राहक वृत्तीचा, बरं का. बाईने चार टोपल्या फुलं वेचली तर ती लालची. हा शेवटचा न्याय मीच केला आहे, म्हणून एवढं खात्रीने सांगतो.

त्या बाईंचं नाव पारबताबाई. त्यांची मुलगी प्रणाली सात-आठ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होती. गाव देवरीपासून आत, एसटी दिवसातून दोनदा, तीही आली तर. बाप प्रणाली लहान असतानाच गेला होता. घरात या दोघी, थोडं धानाचं वावर, आणि रानाच्या कडेला एक मोहाचं झाड. त्या झाडाला नाव होतं: गोड्या. इकडे चांगल्या मोहांना नावं असतात. कुणी वाकड्या, कुणी जुळ्या, कुणी भुऱ्या. गोड्याची फुलं इतर मोहांपेक्षा गोड म्हणून तो गोड्या. प्रणालीने पहिल्यांदा त्याच्याबद्दल सांगितलं तेव्हा मला वाटलं, बैलाबद्दल बोलते आहे.

अकरावीत मी तो विशेषणांचा पाठ घेतला आणि घरचा अभ्यास दिला: प्रत्येक शब्दासाठी ओळखीच्या माणसावर एक वाक्य. दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. अस्वल ग्रीडी आहे, कारण ते आमच्या आधी मोह खातं. व्यापारी अ‍ॅव्हॅरिशियस आहे, कारण तो मोह दाबून ठेवतो. माझी बहीण ईगर आहे, कारण ती मोहाला सर्वांत आधी उठते. सगळीकडे मोह! मी चिडलो. म्हटलं, तुम्हाला जगात दुसरं काही दिसत नाही का रे? वर्ग हसला. प्रणाली हसली नाही. उभी राहून म्हणाली, “सर, एक विचारू का? माणसाले आपलंच पाहिजे असन, दुसऱ्याचं नाई, जास्तीचं नाई, तर कोणता शब्द लिहाचा?”

मी म्हणालो, “त्याला शब्द लागत नाही. बस खाली.”

किती हुशार होती पोरगी, आणि मी काय उत्तर दिलं! आजही ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. पण तेव्हा मला तिचा प्रश्न दिसलाच नाही, फक्त तिची हुशारी दिसली. मनात म्हटलं, हिला मोकळी सोडायची नाही. ही आपल्या कॉलेजचं नाव काढणार. आपल्या कॉलेजचं म्हणजे कुणाचं, हे काय सांगायला हवं?

बारावीची परीक्षा झाली. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेची दीड महिन्याची शिकवणी गोंदियाला होती. मी सगळं जमवलं. माझ्या बहिणीच्या घरी मागची खोली रिकामी होती, ती मागून घेतली. एकटी पोरगी शहरात राहणार नाही म्हणून आईने सोबत यायचं, असंही मीच ठरवलं. फक्त त्यांना विचारायचं राहिलं होतं. गाडी काढली आणि गेलो.

सकाळचे दहा असतील. अंगणभर मोहफुलं वाळत घातलेली. ताजी असतात तेव्हा लोण्याच्या रंगाची, वाळली की काळ्या मनुकांसारखी. पाय ठेवायला जागा नव्हती. पारबताबाई फुलं उलथत होत्या. सावळ्या, काटक, पन्नाशीच्या आतल्या; बोलणं कमी. मी सांगितलं, परवा निघायचं, दीड महिना गोंदियाला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मोहाचे दिस हायेत ना, सर. मोह झाले का येतो आमी.”

“मोह होईपर्यंत शिकवणी संपेल, बाई.”

“मंग पोट्टीले एकटीले पाठवू का? कसं करू? मी मोह सोडून नाई येऊ शकत, सर.”

“का नाही येऊ शकत?”

त्या नुसत्या फुलांकडे बघत राहिल्या. त्या बघण्यात काय आहे ते मला विचारता आलं असतं. एक मिनिट थांबलो असतो तरी पुरलं असतं. पण मला राग आला होता. शेजारीपाजारी कुंपणाशी येऊन उभे होते, आणि मी, इंग्रजीचा प्राध्यापक, ज्याच्याकडे प्रत्येक भुकेला वेगळं भांडं होतं, त्या सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालो, “चार टोपल्या फुलांसाठी पोरीचं आयुष्य मोडता? एवढी कसली लालच हो तुम्हाला?”

इतके शब्द पाठ करून ऐनवेळी तोंडातून निघाला तो गल्लीतलाच.

पारबताबाईंचा चेहरा मला नीट आठवत नाही. हात आठवतात. फुलं उलथता उलथता थांबलेले. मग त्या उठल्या, आत गेल्या, प्रणालीला म्हणाल्या, “भर वं तुये कपडे.” तिसऱ्या दिवशी घराला कुलूप. मी जिंकलो होतो. बहिणीच्या घरी दोघींना पोचवून परत येताना गाडीत मी गाणी म्हणत होतो.

गोंदियाच्या त्या मागच्या खोलीत पारबताबाई दीड महिना कशा राहिल्या हे बहिणीने नंतर सांगितलं. पहाटे चारला उठून बसायच्या. अंगण झाडायच्या. आमच्या बहिणीचं अंगण ते केवढं, दोन खाटांएवढं, फरशीचं. ते झाडून झालं की गल्ली झाडायच्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, “बाई अच्छी मिली तुम्हें.” बहिणीला हसू आलं होतं. मलाही आलं होतं.

प्रणालीला प्रवेश मिळाला. आता ती नागपूरला एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, अतिदक्षता विभागात. तिचा सत्काराचा फोटो आमच्या ऑफिसात लावलेला आहे. फोटोत मी मधोमध आहे.

त्या शिकवणीच्या पुढच्या वर्षी, मार्चमध्ये, मी सहज त्या गावात गेलो होतो. सहज म्हणजे, मला वाटतं, कुणीतरी कौतुक करावं म्हणून. पारबताबाईंचं अंगण कोरडं होतं. एक फूल नव्हतं. कुंपणापलीकडे इस्तारीचं घर, तिथे मात्र अंगण फुलांनी भरलेलं. इस्तारी म्हणजे त्यांचा शेजारी, साधा शेतकरी माणूस, बोलताना मान खाली घालणारा. मी विचारलं, “बाई, यंदा मोहाला गेल्या नाहीत?”

“कोणत्या मोहाले जाऊ?” त्या म्हणाल्या.

मग कळलं. तुम्ही बाहेरचे असाल तर तुम्हालाही ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. मला तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली होती इथे नोकरी करून, मला ठाऊक असायला हवं होतं. रानातला मोह सातबाऱ्यावर नसतो. कुठल्याच कागदावर नसतो. कुठलं झाड कोणाचं हे फक्त गावाच्या ध्यानात असतं, आणि ते ध्यानात राहतं ते झाडूमुळे. मोसम लागायच्या आधी झाडाखालचा पाचोळा ज्या घरातली बाई झाडून काढते आणि पुढे मोसमभर वेचते, त्या घरचं ते झाड. तिथे दुसरं कुणी फुलाला हात लावत नाही. दुपारपर्यंत फुलं पडून राहिली तरी लावत नाही. पण मोसम टाकून घर निघून गेलं, झाड वेचल्याविना राहिलं, तर ते सुटलं. मग जो झाडू मारेल त्याचं. पारबताबाईंच्या सासूने लग्नानंतरच्या पहिल्या मार्चमध्ये सुनेच्या हातात झाडू दिला होता तो गोड्याखालीच. एवढ्या वर्षांत एक मोसम त्यांनी टाकला. तो माझ्यासाठी.

मी ताडताड इस्तारीकडे गेलो. डाव्या बाजूचे सगळे शब्द ओठांवर होते. ग्रास्पिंग, कव्हेटस, रपेशियस! विधवेचं झाड लुबाडलंस, शरम वाटत नाही? तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, “सर, आमी आठ दिस वाट पाह्यली. फुलं सडून राह्यले होते. ढोरं खाऊन राह्यले होते. नवव्या दिशी माह्या बायकोनं झाडू मारला. तेबी रडत रडत मारला. विचारून घ्या गावाले.”

विचारलं की! गावाला विचारलं, सरपंचाला विचारलं, म्हाताऱ्या-कोताऱ्यांना गोळा करून चावडीवर बसवलं. सगळे इस्तारीच्या बाजूने. चिडून नाही, शांतपणे, समजावून. झाड सुटलं होतं, सर. नियम नियम आहे, सर. आज हिच्यासाठी मोडला तर उद्या रानात डोकी फुटतील. शेवटी इस्तारीच म्हणाला, भाभीनं निम्म्यावर वेचावं, अर्धे फुलं तिचे. गावाला ते फार उदार वाटलं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कोणावर ओरडणार? त्या अख्ख्या चावडीत एकही लोभी माणूस नव्हता. होता तो मोटारगाडी घेऊन आला होता.

निघताना मी पारबताबाईंना विचारलं, “त्या दिवशी सांगितलं का नाही मला? एका शब्दाने बोलला असतात, झाड जाईल म्हणून?”

त्या म्हणाल्या, “तुमी सगळ्याइसमोर लालची म्हटलं. वरून झाडाचं सांगतलं असतं, तर तुमी मले अजून लालची म्हटलं असतं.”

तेव्हापासून दर मार्चला मला हा ताप येतो. शब्दकोश उघडतो, मिटतो. ‘विस्टफुल’ नावाचा एक शब्द आहे, हातातून गेलेल्या गोष्टीसाठी हुरहुरणारा. तो लावून पाहिला. फार नाजूक आहे, त्याला खिडकी लागते, कॉफी लागते. चारला उठून परक्याची गल्ली झाडणाऱ्या बाईला तो बसत नाही. ‘डिझायरस’ सरकारी अर्जातला, त्याला शिक्का लागतो. आपल्या मराठीतही मी कमी शोधाशोध केली नाही. हावरा, अधाशी, वखवखलेला, आशाळभूत. एकेक शब्द म्हणजे नुसती चापट. बरे शब्द म्हणाल तर आसुसलेला. तो कवितेत जाऊन बसला आहे, रानात यायला तयार नाही. आमचे वडील प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ लिहायचे, म्हणजे तेव्हा लोभ ही मागण्यासारखी वस्तू होती. आता फोन आहेत. कोणी कोणाकडे लोभ मागत नाही, रिचार्ज मागतात.

माझ्यासाठी मात्र शब्दांचा तुटवडा नाही. उजव्या बाजूचे सगळे मी वापरून बसलो: मी ईगर होतो, कीन होतो, पोरीच्या भल्यासाठी. पण त्या फोटोत मी मधोमध का आहे, याचं उत्तर डाव्या बाजूला आहे. दुसऱ्याच्या पोरीचं यश मला माझ्या भिंतीवर हवं होतं. काल ज्या शब्दाशी खडू मोडला, तो हाच. कव्हेटस.

लोक म्हणतात, एवढं काय मनाला लावून घेता? पोरगी नर्स झाली ना? प्रणाली स्वतः तेच म्हणते. फोनवर म्हणाली, “सर, झाडाचं जाऊ द्या ना आता. आईले किती खेपा म्हटलं, नागपूरले चाल. येत नाई.” खरं आहे. प्रणालीचं भलं झालं, आणि मला ते पुन्हा करायला सांगितलं तर पुन्हा करीन. राग याचाच येतो. दोन टोपल्यांत एक-एक वस्तू ठेवून पारडं बघायची सोय नाही. पोरीचं भलं एका बाजूला गेलं, पारबताबाईंचं झाड दुसऱ्या बाजूला गेलं. मुकाट्याने किंमत मोजली कोणी, आणि सत्कार झाला कोणाचा!

म्हणून गेल्या रविवारी शेवटी गेलो. ठरवूनच गेलो होतो की या वेळी माफी मागायची, सरळ शब्दांत. इतक्या वर्षांत मी ती कधी मागितलीच नव्हती. भांडणं केली, बैठक बोलावली, पण माफी नाही. घराला कडी होती. शेजारच्या पोराने रानाकडे बोट दाखवलं. सकाळचे सात वाजले असतील. पळस संपत आला होता, सालईला पान नव्हतं, आणि मोहाचा तो वास दोन शेतं अलीकडेच सुरू झाला.

गोड्या मी पहिल्यांदा बघत होतो. इतक्या वर्षांत झाड बघायलाही गेलो नव्हतो, फक्त त्याच्याबद्दल बोललो होतो. प्रचंड झाड. खालची जमीन अंगणासारखी साफ. पारबताबाई बसल्या बसल्या पुढे सरकत, त्याच निम्म्याच्या बोलीवर, वेचत होत्या. केस पार पांढरे झाले आहेत.

“या सर,” त्या म्हणाल्या. हात थांबला नाही.

“प्रणाली नागपूरला बोलावते म्हणे. जात का नाही?”

“तिथं काय करू? पहाट झाली का पाय इकडं चालते.”

मी उभ्या उभ्याच सुरुवात केली. म्हटलं, बाई, मी चुकलो. तुम्हाला काही न विचारता बोललो. चार माणसांत नको तो शब्द बोललो. तुमचं झाड माझ्यामुळे गेलं. मला माफ करा. वर्गात इतकं स्वच्छ मी कधी बोललो नसेन.

त्या वेचत राहिल्या. टप्‌टप्‌ फुलं पडत होती, एक माझ्या खांद्यावर पडलं. मी वाट बघत होतो. त्या काहीतरी म्हणतील. रागावतील, रडतील, निदान ‘जाऊ द्या सर’ म्हणतील. ते एक वाक्य मिळालं की मी गाडीत बसून घरी जाणार होतो, आणि वर्गात गेल्यावर फळ्यावर तो तिसरा शब्दही लिहिणार होतो.

“काहीतरी बोला ना, बाई,” मी म्हणालो. “तुम्ही माफ केलं म्हणा, म्हणजे मला बरं वाटेल.”

पारबताबाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे.

“सर, पाय काढा,” त्या म्हणाल्या. “खाली फुलं हायेत. इस्तारीच्या घरचे हायेत ते. चेंगरले तर मले बोलणं खा लागते.”

मी उजवा पाय उचलला, आणि तो ठेवायला मोकळी जागा शोधत तसाच उभा राहिलो.